गोलकृमीच्या भ्रूणात आतडं कसं ठरतं, ग्रसनी कशी ठरते

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प करायचा आहे. वाडीत पडून कुजलेल्या फणसाखालून बारीक गोलकृमी मिळाले आहेत. गोलकृमीच्या भ्रूणात पचनाचे अवयव बनवणारं जनुक कोणतं, आणि खाद्यातून आरएनएआय (दुहेरी आरएनए देऊन एखादं जनुक दाबण्याची पद्धत) देऊन ते बंद केलं तर परिणाम पाहता येईल का?

आधी सरळ उत्तर. असं एक जनुक नाही. सी. एलेगन्स या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या गोलकृमीत पचननलिकेचे दोन मोठे भाग, म्हणजे पुढची, तोंडामागची ग्रसनी आणि मागचं आतडं, एकमेकांना चिकटून असले तरी अगदी वेगळ्या रीतीने ठरतात. आतडं एकाच पेशीच्या वंशातून येतं, पण त्या पेशीला 'तू आतडं' हे सांगायला जनुकांची साखळी लागते. ग्रसनीचं उलट आहे. तिच्या पेशी वेगवेगळ्या घराण्यांतून येतात, पण त्या सगळ्यांवर एकाच जनुकाचा अंमल चालतो. हा फरक डोक्यात पक्का असेल तर बाकीची नावं आपोआप जागेवर बसतात. नसेल तर ती नुसती पाठ करावी लागतात आणि परीक्षेनंतर विसरतात. दुसऱ्या भागाचं उत्तर: प्रयोग पाहता येईल, पण फणसाखालच्या कृमींवर खाद्यातला आरएनएआय बहुधा चालणार नाही. त्याचं कारण पुढे देतो.

पेशींचा हिशेब आधी घेऊ, कारण या प्राण्याची सगळी गंमत त्या हिशेबात आहे. सल्स्टन, शिरेनबर्ग, व्हाइट आणि थॉम्सन यांनी १९८३ मध्ये भ्रूणातल्या प्रत्येक पेशीची वंशावळ प्रसिद्ध केली. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या उभयलिंगी पिल्लात ५५८ केंद्रकं असतात, आणि प्रत्येकाचा माग पहिल्या पेशीपर्यंत लागतो. चार पेशींच्या भ्रूणात एबीए, एबीपी, ईएमएस आणि पी२ अशा पेशी असतात. ईएमएस विभागली की पुढची मुलगी एमएस आणि मागची ई. आतड्याच्या सगळ्या २० पेशी या एकट्या ई पेशीच्या. दुसऱ्या कुठल्याही पेशीचा त्यात वाटा नाही, आणि ई पेशी आतड्याशिवाय दुसरं काही बनवत नाही. ग्रसनीत सुमारे ८० पेशी असतात. स्नायू, चेतापेशी, ग्रंथी, अस्तर असं सगळं त्यात आलं. त्यांतल्या काही एबीए पेशीच्या वंशातून येतात आणि काही एमएसच्या. गुदाशय आणि त्याच्या आसपासच्या पेशी बहुतेक एबी (एबीए आणि एबीपी यांची आई) वंशातल्या. त्यांचा कारभार निराळा आहे, तो इथे बाजूला ठेवतो.

आता ई पेशी कशी ठरते ते पाहू. सुरुवात आईपासून होते. आई अंड्यात एसकेएन-१ या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचा (जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाचा) साठा ठेवते. चार पेशींच्या अवस्थेत हे प्रथिन ईएमएस आणि पी२ या दोघींच्या केंद्रकांत असतं. पी२ ही जननपेशींच्या वंशाची, तिच्यात पीआयई-१ हे प्रथिन जनुकांचं वाचनच थांबवून ठेवतं, म्हणून एसकेएन-१ असूनही तिथे काही घडत नाही. ईएमएसमध्ये मात्र ते मेड-१ आणि मेड-२ ही जुळी जनुकं चालू करतं. इथपर्यंत एमएस आणि ई यांच्यात भेद नाही. दोघींना आईचा हा वारसा सारखाच मिळतो.

भेद घडवते ती शेजारीण. पी२ पेशी ईएमएसला मागून टेकलेली असते आणि मॉम-२ हा विंट कुळातला संकेत देते. बॉब गोल्डस्टाइनने १९९२ मध्ये हे पेशी सुट्या करून दाखवलं: ईएमएसला पी२पासून लवकर वेगळं केलं तर आतडं बनत नाही, पुन्हा जोडलं तर बनतं. पुढे असंही दिसलं, की पी२ दुसऱ्या बाजूने टेकवली तर त्या बाजूची मुलगी आतडं बनवते. म्हणजे ईएमएसला स्वतःची मागची बाजू कळत नाही, ती स्पर्शातून कळते.

या संकेताचा शेवट पॉप-१ या प्रथिनावर होतो, आणि इथे विद्यार्थी हमखास गडबडतात, म्हणून सावकाश वाचा. एमएसच्या केंद्रकात पॉप-१ भरपूर असतं आणि ते आतड्याची जनुकं दाबून ठेवतं. ई पेशीत विंट संकेतामुळे डब्ल्यूआरएम-१ आणि लिट-१ ही जोडी पॉप-१ला केंद्रकाबाहेर काढते. केंद्रकात उरतं ते थोडं पॉप-१, आणि एसवायएस-१ हे सहप्रथिन मात्र वाढलेलं असतं. त्या दोघांची जोडी झाली की तेच पॉप-१ दाबणारं न राहता चालू करणारं होतं. तेव्हा 'विंटमुळे पॉप-१ नष्ट होतं' असं लिहू नका. त्याचं प्रमाण घटतं आणि काम उलटतं.

ई पेशीत मग एंड-३ आणि पाठोपाठ एंड-१ चालू होतात. ही दोन्ही गाटा कुळातली ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहेत. त्यांचं आयुष्य अगदी थोडं. ई पेशी विभागून दोन झाल्या की एंड जनुकं एल्ट-७ आणि एल्ट-२ यांना उठवतात आणि स्वतः विझतात. एल्ट-२ मात्र एकदा पेटलं की स्वतःलाच पेटत ठेवतं आणि कृमी मरेपर्यंत आतड्यात टिकतं. आतड्यात चालणाऱ्या बहुतेक जनुकांच्या प्रमोटरमध्ये (जनुक कधी चालू व्हायचं ते ठरवणाऱ्या डीएनएच्या भागात) टीजीएटीएए हा अक्षरक्रम असतो, आणि एल्ट-२ तिथे बसतं. पचनाची एस्टरेज, अंड्यासाठी बलकाचं प्रथिन, जिवाणूंपासून बचाव करणारी प्रथिनं, सगळं याच दाराने जातं. एल्ट-२ पूर्ण बाद असेल तर आतडं दिसायला तयार होतं, पण पिल्लू पहिल्याच अवस्थेत अडकतं आणि उपाशी मरतं. एल्ट-७ एकटं बाद केलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. दोन्ही गेली तर आतड्याची रचनाच बिघडते.

जवळजवळ प्रत्येक पायरीवर अशी जोडी आहे: मेड-१ आणि २, एंड-१ आणि ३, एल्ट-२ आणि ७. एक एक जनुक बंद करून 'हे महत्त्वाचं नाही' असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प-अहवाल इथेच फसतात. एकटं एंड-१ बाद केलं तर आतडं जवळपास नेहमी बनतं, एकटं एंड-३ बाद केलं तर थोड्याच भ्रूणांत हुकतं, आणि दोन्ही बाद केली की बहुतेक भ्रूण आतड्याविना राहतात.

आतडं न बनलेला भ्रूण दिसला की 'आतडं नाही' एवढ्यावर थांबू नका. त्या जागी काय बनलं ते पाहा, कारण बिघाड कोणत्या पायरीवर झाला ते त्यावरून कळतं. विंट संकेत गेला असेल तर ई पेशी एमएससारखी वागते, म्हणजे आतडं नाही आणि ग्रसनीच्या पेशी जास्त. एंड जनुकं गेली असतील तर ई पेशी सी नावाच्या दुसऱ्या पेशीसारखी वागून कातडी आणि अंगाचे स्नायू बनवते. एसकेएन-१ गेलं तर ईएमएसच्या मुलींचा ओढा कातडीकडे जातो, आणि ग्रसनी अजिबात बनत नाही. अजिबात का? एमएस स्वतः बिघडतेच, शिवाय एबीएच्या नातींना ग्रसनी बनवण्याचा नॉच मार्गाचा (पेशीकडून पेशीला जाणाऱ्या आणखी एका वाटेचा) संकेत एमएसच देते, तोही जातो. पॉप-१ गेलं तर एमएसही ई बनते आणि एका भ्रूणात आतड्याचा ऐवज दुप्पट होतो.

एसकेएन-१च्या प्रयोगात एक गोष्ट चक्रावून टाकते. ग्रसनी प्रत्येक भ्रूणात जाते, पण आतडं प्रत्येकात जात नाही. एन२ या नेहमीच्या वाणात सुमारे तीस टक्के भ्रूणांत आतडं बनलेलं असतं. हा प्रयोग फसल्याचा पुरावा नव्हे. एमएसला एसकेएन-१ शिवाय आधार नाही, पण ई पेशीला विंटचा दुसरा आधार आहे आणि तो कधीकधी एकटा पुरतो. मग एकाच आईच्या, एकाच जनुकरचनेच्या अंड्यांत काहींत आतडं आणि काहींत नाही, हे कसं? २०१० मध्ये अर्जुन राज आणि सहकाऱ्यांनी भ्रूणातले आरएनएचे एकेक रेणू मोजून दाखवलं, की एसकेएन-१ बिघडलं की एंड-१चं प्रमाण भ्रूणागणिक खूप खालीवर होतं. ते एका उंबरठ्याच्या वर गेलं तर एल्ट-२ पूर्ण पेटतं, खाली राहिलं तर अजिबात नाही.  एन२ सोडून जगभरातून गोळा केलेले इतर जंगली वाण घेतले तर हा आकडा एक टक्क्याहून कमी ते साठ टक्क्यांपर्यंत फिरतो, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. म्हणून एकच वाण वापरा, त्याचं नाव लिहा, आणि एका भ्रूणाच्या छायाचित्रावर निष्कर्ष न काढता शेकड्याने मोजा.

ग्रसनीकडे वळतो. इथला मुख्य कारभारी पीएचए-४, फॉक्स-ए कुळातला. सुसान मँगो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्याचे बिघडलेले वाण वर्णिले. हे जनुक गेलं तर पिल्लू ग्रसनीविना जन्मतं. ज्या पेशी ग्रसनीच्या व्हायच्या त्या कातडीसारख्या वाटेने जातात. एबीएच्या वंशातली असो की एमएसच्या, ग्रसनीची पेशी म्हटली की पीएचए-४ आलंच. ते वंश विचारत नाही, अवयव विचारतं. त्या-त्या पेशीपर्यंत पीएचए-४ पोहोचवण्याच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत: एमएसमध्ये मेड जोडीमागून टीबीएक्स-३५ येतं, आणि एबीएच्या बाजूला नॉच संकेत व टीबीएक्स-३७, टीबीएक्स-३८ ही जोडी.

ग्रसनीतली जनुकं वेगवेगळ्या वेळी का चालू होतात, याचं उत्तर गॉडे आणि मँगो यांनी २००२ मध्ये दिलं, आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर उत्तर वाटतं. पीएचए-४चं प्रमाण भ्रूण वाढेल तसं वाढत जातं. ज्या जनुकाच्या प्रमोटरवर त्याला घट्ट बसता येतं ते जनुक थोड्या पीएचए-४वरच, म्हणजे लवकर चालू होतं. जिथे पकड सैल, तिथे भरपूर पीएचए-४ जमेपर्यंत थांबावं लागतं. त्यांनी प्रमोटरमधली ही जागा बदलून पकड सैल केली तेव्हा जनुक उशिरा चालू झालं. स्नायूंची तयारी करणारं सीईएच-२२ लवकर आणि स्नायूंचं मायोसिन बनवणारं मायो-२ उशिरा, हा क्रम त्यात बसतो. एकाच प्रथिनाच्या वाढत्या प्रमाणावर अख्ख्या अवयवाचं वेळापत्रक चालतं.

पीएचए-४ थोड्या प्रमाणात आतड्यातही असतं, तरी तिथे ग्रसनी बनत नाही, कारण तिथे एल्ट-२ आणि एल्ट-७ चा अंमल असतो. उलट दिशेने किती ओढ आहे ते २०१३च्या एका कामात दिसलं: वाढलेल्या कृमीत जबरदस्तीने एल्ट-७ चालू केलं तर ग्रसनीच्या तयार पेशीसुद्धा आतड्यासारख्या होऊ लागतात. इतर बहुतेक पेशी एवढ्या सहज बदलत नाहीत.

पेशींची ओळख ठरली तरी अवयवाला आकार यायचा असतो. तो भाग झटपट सांगतो. ई पेशी दोन झाल्या की त्या भ्रूणाच्या पृष्ठभागावरून आत शिरतात. भ्रूण तेव्हा २६ पेशींच्या आसपासचा असतो, पहिल्या विभाजनानंतर दीड-दोन तासांनी. आत शिरणाऱ्या या पहिल्या पेशी. एंड जनुकं नसली तर त्या वेळेवर आत जात नाहीत, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी बिघाडाची ती सर्वांत लवकरची खूण आहे. दोनाच्या चार, आठ, सोळा होतात. सोळा असताना केंद्रकं मधल्या रेषेकडे सरकतात, पार-३ आणि पार-६ प्रथिनं तिथे जमतात, आणि त्या रेषेत पोकळी उघडते. चार पेशी आणखी एकदा विभागतात. शेवटी नऊ कडी: पहिल्यात चार पेशी, पुढच्या आठांत दोन-दोन. ग्रसनी आधी पेशींच्या गोळ्यासारखी असते. तिच्या पुढच्या टोकाच्या पेशी आपली दिशा बदलतात, आर्केड पेशी तोंडाच्या कातडीशी दुवा जोडतात, आणि नळी आरपार होते. हा दुवा जुळला नाही तर ग्रसनी अख्खी बनते, पण तोंडाला जोडलेली नसते.

आता तुमचे फणसाखालचे कृमी. उष्ण, दमट किनाऱ्यावर कुजलेल्या फळांत सी. एलेगन्स मिळण्यापेक्षा सी. ब्रिग्से किंवा ऱ्हॅब्डिटिड कुळातलेच दुसरे कृमी मिळण्याची शक्यता बरीच जास्त. सी. ब्रिग्सेचा जगभर वापरला जाणारा एएफ१६ हा वाणही भारतातलाच, अहमदाबादहून घेतलेला. ओळखण्याची पहिली पायरी अशी: फळाचा तुकडा जिवाणू लावलेल्या प्लेटच्या कडेला ठेवा, बाहेर सरपटत येणाऱ्यांतून न वाढलेलं एकेक पिल्लू वेगळ्या प्लेटवर ठेवा. एकट्याला पिल्लं झाली तर जात उभयलिंगी आहे. सी. एलेगन्स आणि सी. ब्रिग्से दोन्ही उभयलिंगी आहेत आणि दिसायला जवळजवळ सारखे, म्हणून डीएनएचा एखादा ओळखीचा पट्टा वाचून घेणं किंवा ओळखीच्या वाणाच्या नरांशी संकर करून पाहणं याशिवाय खात्री नाही. संकरात भरपूर नर संतती आली, साधारण निम्मी, तर जात तीच.

सी. ब्रिग्से निघाला तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. खाद्यातला आरएनएआय त्याच्यात चालत नाही, कारण आतड्यातून दुहेरी आरएनए आत घेणारं त्याचं एसआयडी-२ प्रथिन सी. एलेगन्ससारखं काम करत नाही. त्याच्यात आरएनए सुईने टोचावं लागतं, आणि त्यासाठी मायक्रोइंजेक्शनचं यंत्र हवं. दुसरी अशी, की टोचून पाहिलं तरी पाठ्यपुस्तकातलं उत्तर येणार नाही. २००९ मध्ये मॉरिस मडुरो यांच्या संशोधकगटाने दाखवलं, की सी. ब्रिग्सेत पॉप-१ काढलं तर जास्तीचं आतडं येत नाही, उलट आतडं जातं आणि ई पेशी एमएससारखी होते. एसकेएन-१ काढलं तर आतडं सी. एलेगन्सपेक्षा जास्त वेळा जातं, पण एमएस बिघडलेली दिसत नाही. वरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन कृमींत आतडं ठरवण्याची आतली जोडणी एवढी बदललेली आहे.

त्यामुळे प्रकल्पाची विभागणी अशी करा: जनुकं बंद करण्याचा भाग सी. एलेगन्सच्या एन२ वाणावर, आणि भ्रूण नुसता पाहण्याचा भाग दोन्हींवर. एन२ परदेशातून मागवण्यापेक्षा देशातल्या कृमींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडून घेणं सोपं. आरएनएआयचे जिवाणू जनुकीय बदल केलेले असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे आधी नोंद करा.

किनाऱ्यावर पहिला शत्रू उकाडा. एन२ १५ ते २५ अंशांत नीट वाढतो. त्याच्या वर पिल्लं घटतात आणि २७च्या पुढे तो जवळजवळ वांझ होतो. एप्रिल-मेमध्ये साध्या खोलीत हा प्रयोग होणार नाही. गार करणारा बीओडी इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारं कपाट) २० अंशांवर हवा. त्यात रिकाम्या खणांवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, लाइट गेली की तापमान लगेच चढत नाही. एकाच तापमानाचा आग्रह धरा, कारण सगळ्या वेळा त्यावरच अवलंबून असतात. दुसरा शत्रू पावसाळ्यातली दमट हवा. प्लेटा ओतल्यावर नेहमीचे दोन-तीन दिवस पुरत नाहीत, झाकणाला पाणी धरतं आणि थेंब पडून जिवाणूंचा थर फुटतो. लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) झाकण उघडं ठेवून वीस-तीस मिनिटं वाळवा. बुरशी दिसली तर प्लेट वाचवत बसू नका, अंडी ब्लीचने धुऊन नव्या प्लेटवर न्या.

एक लिटर एनजीएम माध्यमाला (कृमी वाढवायच्या प्लेटांत हेच ओततात) मीठ ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, अगार १७ ग्रॅम. ऑटोक्लेव्हनंतर साधारण ५५ अंशांपर्यंत निवू द्या, मग कोलेस्टेरॉल (अल्कोहोलमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम) १ मिलि, १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिलि, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिलि आणि १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट (पीएच ६) २५ मिलि, याच क्रमाने आणि दर वेळी हलवून घाला. घाईने एकदम घातलं तर माध्यम गढूळ होतं.

ब्लीच करताना अंड्यांनी भरलेल्या माद्या (म्हणजे वाढलेले उभयलिंगी कृमी, सोयीसाठी त्यांना मादी म्हणतो) ३.५ मिलि पाण्यात घ्या, त्यात ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ मिलि आणि सोडियम हायपोक्लोराइट १ मिलि यांचं ताजं मिश्रण घाला, आणि दर दोन मिनिटांनी जोरात हलवत सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहा. माद्या फुटल्या की लगेच सेंट्रिफ्यूज करून धुवा. दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. हायपोक्लोराइट उष्णतेत लवकर उतरतं. जुन्या बाटलीतलं वापरलं तर माद्या विरघळत नाहीत, म्हणून वेळ वाढवला जातो, आणि तेवढ्यात अंडी मरतात. नंतर सगळे भ्रूण मेलेले पाहून दोष आरएनएआयला दिला जातो. बाटली नवी घ्या, थंडीत ठेवा.

भ्रूण पाहायला काचपट्टीवर २ टक्के अगारोजचा पातळ थर करा. काचेवरच्या एम९ द्रावणाच्या थेंबात मादी घेऊन बारीक सुईने मधोमध कापा, कोवळे भ्रूण काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने सरकवा, कव्हरस्लिप ठेवा, कडा व्हॅसलीनने बंद करा. थर फार पातळ झाला तर भ्रूण चिरडतात. डीआयसीची (पारदर्शक पेशी उठून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) सोय नसेल तर कंडेन्सरचा पडदा बराच बंद करून ४० पट भिंगाखाली पेशींच्या कडा पुरेशा दिसतात. चार पेशींच्या अवस्थेत मागच्या टोकाची सर्वांत लहान पेशी पी२, तिला लागून पोटाच्या बाजूला ईएमएस. पहिल्या विभाजनापासून मोजलं तर साडेसहा-सात तासांनी भ्रूण स्वल्पविरामासारखा वाकतो, बारा तासांच्या पुढे ग्रसनीची धडधड सुरू होते, आणि चौदा तासांच्या आसपास पिल्लू बाहेर येतं. हे २०-२२ अंशांवरचं.

आतडं आहे की नाही हे ओळखायला महागडं काही लागत नाही. आतड्याच्या पेशींतले कण ध्रुवित प्रकाशात चमकतात. ध्रुवीकरण करणाऱ्या फिल्मचे दोन तुकडे घ्या, एक कंडेन्सरखाली आणि एक भिंगाच्या वर. एक फिरवत पार्श्वभूमी काळी करा. भ्रूण दुप्पट लांबीचा झाला की आतड्याच्या जागी ठिपक्यांची झळाळती रांग दिसते. प्लॅस्टिकची पेट्री डिश आणि प्लॅस्टिकची कव्हरस्लिप स्वतःच चमकतात, म्हणून सगळं काचेचं हवं. धूळ आणि पिठाचे कणही चमकतात. ठिपका भ्रूणाच्या आत आहे ना, हे फोकस खालीवर करून पाहा.

आरएनएआयसाठी एचटी११५ जिवाणूत एल४४४० प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या कड्यात) बसवलेलं हवं ते जनुक घ्या. प्लेटमध्ये १ मिलिमोलर आयपीटीजी (जिवाणूत दुहेरी आरएनए बनणं सुरू करणारं रसायन) आणि मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम कार्बेनिसिलिन हे प्रतिजैविक. अँपिसिलिन उबेत लवकर मोडतं आणि प्लाझ्मिड नसलेले जिवाणू माजतात, म्हणून कार्बेनिसिलिनवर खर्च करा. जिवाणू लावून एक रात्र ठेवा. एल४ या प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या माद्या आधी जिवाणू नसलेल्या प्लेटवर अर्धा तास फिरू द्या, नाहीतर नेहमीच्या खाद्यातले जुने ओपी५० जिवाणू सोबत येतात आणि मात्रा पातळ होते. चोवीस तासांनी माद्या नव्या आरएनएआय प्लेटवर हलवा आणि तिथली अंडी मोजा. पहिल्या दिवसाची अंडी टाकून द्या; एसकेएन-१ हा आईचा साठा असल्याने आधी तयार झालेल्या अंड्यांत तो उरलेला असतो. माद्या काढल्यावर बारा ते सोळा तास थांबून न फुटलेले भ्रूण ध्रुवित प्रकाशात पाहा.

सोबत दोन तुलना हव्याच: रिकामं एल४४४०, ज्यात जवळजवळ सगळी अंडी फुटली पाहिजेत, आणि पॉस-१ हे भ्रूण जगायला लागणारं जनुक, ज्यात जवळजवळ एकही फुटू नये. पॉस-१मध्ये पिल्लं बाहेर आली तर त्या दिवशीची प्लेट निकामी आहे, बाकीचे आकडे वापरू नका. एंड-१ आणि एंड-३ एकत्र द्यायचे तर दोन जिवाणू मिसळल्यावर प्रत्येकाची मात्रा निम्मी होते, म्हणून तुलनेसाठीही एंड-१ रिकाम्या एल४४४०मध्ये मिसळून द्या, एंड-३चंही तसंच. मॉम-२ एकट्याने सगळ्या भ्रूणांतलं आतडं जाणार नाही, कारण पी२कडून एमईएस-१ आणि एसआरसी-१ यांची दुसरी वाट ईएमएसपर्यंत पोहोचते. दोन्ही वाटा बंद केल्या की आतडं जवळपास सगळीकडे जातं.

प्रत्येक जनुकासाठी तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या संचांतून निदान दोनशे भ्रूण मोजा आणि मोजणाऱ्याला प्लेटवरचं नाव दिसू देऊ नका. नोंद तीन रकान्यांत करा: आतड्याचे कण आहेत की नाहीत, ग्रसनी दिसते की नाही, अंडं फुटलं की नाही. ग्रसनीच्या मागच्या फुग्यातला दळणारा भाग ओळखायला सोपा, तो दिसला तर ग्रसनी आहे असं धरा. एसकेएन-१च्या प्लेटवर 'आतडं आहे, ग्रसनी नाही' असे भ्रूण सापडले पाहिजेत. ते एकही सापडलं नाही तर आरएनएआय पुरेसा बसला आहे का ते आधी तपासा. वापरलेल्या सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाका, आणि फणसाखालचा वाण १५-२० अंशांवर वेगळ्या खणात, वेगळ्या तारेने हाताळत ठेवा. एन२च्या प्लेटवर त्याचं एक पिल्लू गेलं तरी दोन पिढ्यांनी डोळ्यांनी वेगळं करता येणार नाही.